लाकडाच्या लेथवरची हत्यारं: धार लावायला कशी शिकायची

गेल्या मे महिन्यात भाची आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती. शेडमधल्या छोट्या लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या मशीनवर, तिला स्वतःच्या हाताने लाटणं करायचं होतं. सागाचा तुकडा बांधून दिला, गाऊज, म्हणजे पन्हळीसारख्या पात्याचं कातायचं हत्यार, कसं धरायचं ते दाखवलं आणि बाजूला उभा राहिलो. पाच मिनिटांत तिच्या मनगटापर्यंत पिवळट भुकटी चढली आणि लाकडावर मांजराने ओरबाडल्यासारख्या रेघा उमटल्या.

"मामा, हे लाकूडच खराब आहे. आणि हात पण भरून आलाय माझा."

मी लेथ बंद केलं, तिच्या हातातलं गाऊज घेतलं आणि ट्यूबलाइटखाली धार वर करून धरलं. धारेवर केसाएवढी पांढरी रेघ चमकत होती. "ही रेघ दिसते ना, ती बोथट झालेली कड आहे. चांगली धार उजेडात दिसतच नाही, कारण उजेड परतवायला तिथे सपाट जागाच उरलेली नसते." ग्राइंडरवर, म्हणजे फिरत्या दगडाच्या मशीनवर, धार लावून गाऊज परत दिलं. त्याच लाकडाच्या लांब, सलग ढलप्या निघून तिच्या बाहीवर पडायला लागल्या. तिने लेथ थांबवलं आणि एक ढलपी उलगडून बघत बसली.

मी ३१ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर, म्हणजे लोखंडाच्या लेथवरचा कारागीर, होतो. लाकडाकडे वळलो ते निवृत्तीनंतर. लोखंडाच्या लेथवर पहिले काही महिने हत्यार घासण्यातच जातात, त्याशिवाय उस्ताद मशीनला हात लावू देत नाही. लाकडाच्या बाबतीत मात्र लोक मशीन घेतात, हत्यारांचा संच घेतात, लाकूड आणतात आणि धारेचा विचार सगळ्यात शेवटी करतात. दुकानातून आलेलं नवं हत्यार धार लावून येतं असा समज असतो. त्याला आकार दिलेला असतो, धार बहुतेक वेळा आपल्यालाच लावावी लागते. "मला जमत नाही" म्हणणारा नवशिका माझ्याकडे आला, की मी आधी त्याचं हत्यार उजेडात धरतो.

धार गेल्याची खूण उजेडाखेरीज आणखीही कळते. ढलपी निघायची थांबते आणि भुकटी उडायला लागते. हत्यार पुढे ढकलावं लागतं. लाकूड आणि हत्याराचं टोक गरम लागतं, आवाज बदलतो, सळसळ जाऊन खरखर येते. ढकलावं लागणं हे सगळ्यात वाईट, कारण जोर लावलेला हात अचानक सटकतो आणि हत्यार लाकडात रुततं. साग या बाबतीत फसवा आहे. कातायला मऊ, पण त्यात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. आंब्यावर किंवा शिवणीवर जी धार बराच वेळ टिकते, ती सागावर दहा-पंधरा मिनिटांत मंदावते. सागाचं लाटणं करताना मी मध्ये दोनदा तरी ग्राइंडरकडे जातो.

दगडाला टेकवण्याआधी हत्यार कशाचं आहे ते बघून घ्या. आज विकत मिळणारी चांगली हत्यारं हायस्पीड स्टीलची असतात, पात्यावर एचएसएस असं कोरलेलं असतं. जुनी हत्यारं, लोहाराने कानशीपासून ठोकून दिलेली किंवा घरातल्या जुन्या सुताराच्या पेटीतली, कार्बन स्टीलची असतात. कोरलेलं काही नसेल तर ठिणग्या बघा. कार्बन स्टीलच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, भरपूर आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. हायस्पीडच्या मोजक्या, मंद, लालसर नारिंगी, न फुटणाऱ्या. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही.

हा फरक कळायला हवा, कारण दोन्हींचं उष्णतेशी वागणं वेगळं आहे. कार्बन स्टील पाजून कडक केलेलं असतं. घासताना ते तापलं की आधी पिवळट झाक येते, मग तपकिरी, जांभळी आणि ३०० अंश सेल्सियसच्या आसपास निळी. निळं पडलं म्हणजे तेवढ्या भागातला कडकपणा उतरला. मग कितीही धार लावा, दोन मिनिटांत वळते. माझ्या सासऱ्यांच्या पेटीतलं एक गाऊज मी असंच घालवलं. पातळ, अर्ध्या इंचाचं, कानशीपासून केलेलं. पाहुण्यांच्या मुलाला भोवरा करून द्यायचा होता, म्हणून घाईने दगडावर दाबलं आणि डोळ्यांसमोर कडेवर मोरपिशी रंग पळत गेला. तो निळा भाग संपेपर्यंत थंड ठेवत, हळूहळू चार मिलिमीटर मागे घासून काढावं लागलं. चार मिलिमीटर म्हणजे नीट वापरलं असतं तर त्या हत्याराची कितीतरी वर्षं. अजून ते हातात घेतलं की वाईट वाटतं.

कार्बन स्टील घासायचं असेल तर शेजारी पाण्याचं भांडं ठेवा आणि दर दोन-तीन सेकंदांनी हत्यार बुडवा. हायस्पीड स्टीलचं उलट आहे. ते जवळपास ६०० अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही, त्यामुळे निळं दिसलं तरी बिघडत नाही. पण तापलेलं हायस्पीड पाण्यात बुडवू नका, धारेत न दिसणाऱ्या बारीक चिरा पडू शकतात. हाताला चटका लागायला लागला की बाजूला ठेवा, हवेवर गार होऊ द्या.

ग्राइंडर साधा चालतो. आपल्याकडे बाजारात मिळणारे बहुतेक बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण २८५० फेरे फिरतात. सहा इंची दगड या वेगाने फिरतो तेव्हा त्याची कड सेकंदाला २२ मीटर पळत असते. म्हणून टेकवताना हात हलका हवा. निम्म्या वेगाचा, १४४० फेऱ्यांचा, आठ इंची दगडाचा ग्राइंडर मिळाला तर नवशिक्याला जास्त सोपा, चूक हळू होते. मशीनबरोबर येणारा राखाडी दगड या कामाला कडक पडतो, हत्यार तापवतो. पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड घ्या. दगडावर डब्ल्यूए ६० के किंवा डब्ल्यूए ८० के असं छापलेलं असेल. आकडा म्हणजे दाण्याचा बारीकपणा. के हे अक्षर दगडाच्या कडकपणाचं, ए म्हणजे सगळ्यात मऊ आणि झेड सगळ्यात कडक. हिरवा दगड कार्बाइडच्या फार कडक हत्यारांसाठी असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

नवा दगड बसवण्याआधी भोकात बोट घालून लटकवा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. ठणठणीत आवाज आला तर दगड अखंड. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर आत चीर आहे, फेकून द्या. दगडावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असायलाच हवा. दोन्ही बाजूंचे कागदी गोल काढू नका. नवा दगड चालू केल्यावर पहिलं एक मिनिट त्याच्या समोरून बाजूला उभं राहायचं. टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) आणि दगड यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, फटीत हत्यार खेचलं गेलं तर दगड फुटतो. गॉगल दर वेळी, दोन सेकंदांच्या कामालाही. हातमोजे घालायचे नाहीत. भाचीची ओढणी मी पहिल्याच दिवशी खुंटीला अडकवली आणि केस घट्ट बांधायला लावले. आणखी एक, लाकडाच्या शेडमध्ये हमखास विसरलं जाणारं: ग्राइंडरभोवतीचा भुसा आधी झाडून घ्या. ठिणगी भुशात पडून आत धुमसत राहते, आणि आपण कुलूप लावून जेवायला गेलेलो असतो.

वापरता वापरता दगडाच्या छिद्रांत लोखंडाचा कण भरतो आणि दगड चमकायला लागतो. असा दगड कापत नाही, फक्त तापवतो. डायमंड ड्रेसर घ्या, रेस्टवर टेकवून चालू दगडावरून हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे एक-दोनदा न्या. दगड पुन्हा पांढरा, खरखरीत आणि गोल होतो. ड्रेसिंग करताना नाकाला मास्क लावा. "खूप वेळ घासलं तरी धार येत नाही" या तक्रारीमागे अनेकदा चमकलेला दगड निघतो.

आता प्रत्यक्ष धार. पहिलं हत्यार म्हणून रफिंग गाऊज घ्या, चौकोनी लाकूड गोल करायचं ते रुंद पन्हळीचं. त्याची कड सरळ कापलेली असते, त्यामुळे मनगटाची एकच हालचाल शिकावी लागते. धारेमागे जो घासलेला उतरता भाग असतो, त्याला आम्ही बेव्हल म्हणतो. त्याचं वरचं टोक म्हणजे धार, खालचं टोक म्हणजे टाच. रफिंग गाऊजला बेव्हलचा कोन ४५ अंश ठेवा. कोनमापक नको. वहीच्या कागदाचा काटकोनी कोपरा बरोबर मधोमध दुमडला की ४५ अंश मिळतात. तो कागद पात्याला लावून बघा.

ग्राइंडर बंद ठेवून सुरुवात करा. काळ्या मार्करने सगळं बेव्हल रंगवा. गाऊज रेस्टवर ठेवा, पन्हळ वर, मूठ खाली झुकलेली, मुठीचं टोक कमरेशी. आता टाच दगडाला टेकवा आणि दुसऱ्या हाताने दगड थोडा फिरवा. शाई कुठे खरवडली ते बघा. फक्त टाचेकडची गेली असेल तर मूठ थोडी उचला. फक्त धारेकडची गेली असेल तर मूठ खाली करा. टाचेपासून धारेपर्यंत एकसारखा ओरखडा आला म्हणजे कोन जुळला. तेवढ्यात शरीर कसं उभं आहे, कोपर कुठे टेकलंय, हे लक्षात ठेवा. भाचीकडून मी हे दगड बंद ठेवून वीस-पंचवीस वेळा करून घेतलं. ती कंटाळली, पण नंतर एकदाही धार जाळली नाही.

मग चालू करा. दगडाला पूर्ण वेग घेऊ द्या. आधी टाच टेकवायची, धार कधीच नाही. मूठ अगदी सावकाश उचलत जा आणि ठिणग्यांकडे बघा. सुरुवातीला सगळ्या ठिणग्या पात्याखालून जातात. बेव्हल पूर्ण टेकलं की काही ठिणग्या धारेवरून डोकावून पन्हळीत उतरायला लागतात. तोच क्षण हवा. तिथून मूठ वर न्यायची नाही. आता गाऊज स्वतःभोवती फिरवायचं, पोळी लाटताना लाटणं फिरतं तसं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एका वेगाने. दाब हत्याराच्या वजनाएवढाच.

नवशिक्याची चूक इथे ठरलेली असते. कोपऱ्याला पोचलं की परत फिरण्याआधी हात क्षणभर थांबतो. दगड थांबत नाही. तेवढ्या क्षणात कोपरा जास्त खाल्ला जातो, आणि आठवडाभराने सरळ धारेऐवजी नखासारखी गोल कड तयार होते. उपाय सोपा आहे: हात फिरायला लागला की मग टेकवा आणि कोपरा येण्याआधी उचला. एका दिशेची फेरी, उचला, परत दुसऱ्या दिशेची फेरी. तीन-चार फेऱ्यांत शाई गेलेली असते. थांबा, उजेडात बघा. पांढरी रेघ नाहीशी झाली असेल तर काम झालं. शाई शिल्लक नसताना आणखी घासणं म्हणजे पैसे दगडावर घासणं.

पन्हळीच्या आतल्या बाजूने बोट आतून बाहेर, धारेच्या दिशेने हलकेच सरकवलं तर बारीक खरखर लागते. ती बर, म्हणजे घासताना कडेवर वळून आलेलं बारीक पोलाद. धारेच्या आडवं बोट कधी फिरवू नका. रफिंग गाऊजची बर काढायची गरज नाही, लाकडावर पहिल्याच घासात ती जाते. आणि एक ताकीद: या गाऊजने वाटी किंवा वाडगा कातू नका. त्याचा मुठीत जाणारा भाग बारीक असतो, आडव्या रेषांच्या मोठ्या लाकडात अडकला तर तिथे मोडतो.

हे एक हत्यार हाताला बसेपर्यंत दुसऱ्याकडे जाऊ नका असं माझं मत आहे. संचात आठ हत्यारं असली तरी पहिल्या महिन्यात दोनांच्या पुढे जाऊ नका.

मण्यांसारखे आणि गळ्यासारखे आकार कातायच्या स्पिंडल गाऊजला ३५ ते ४० अंश लागतात आणि कड बोटाच्या नखासारखी. इथे फिरवणं आणि झुलवणं एकदम करावं लागतं, हाताने सगळ्यांना जमत नाही. झुलता जिग, म्हणजे हत्यार क्लॅम्पमध्ये धरून ठरल्या कोनात झुलवणारं साधन, घ्या, त्यात लाज काही नाही. जिगमध्ये सगळा खेळ एकाच मापाचा आहे: क्लॅम्पमधून हत्यार किती बाहेर काढलंय. ते दर वेळी सारखं असेल तर कोन दर वेळी सारखा. त्यासाठी बाकड्यावर लाकडाचा ठोकळा ठोका, कडेपासून ४५ मिलिमीटरवर अडणारा, किंवा तुमच्या हत्याराला जे माप जुळेल त्यावर. हत्यार ठोकळ्याला अडवायचं, क्लॅम्प आवळायचा, झालं. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी कोन बदलतो आणि जुळवण्यापायी नाहक पोलाद जातं. वाडग्याच्या गाऊजलाही हाच जिग, कोन ५० ते ५५.

तिरकी पटाशी, म्हणजे स्क्यू, दोन्ही बाजूंनी घासायची असते. दोन्ही बाजू मिळून ३५ ते ४० अंश सुरुवातीला ठेवा. जास्त टोकदार केली तर कापते छान, पण चुकीला माफी देत नाही. रेस्ट असा लावा की तिरकी कड दगडाच्या अक्षाला समांतर राहील आणि दोन्ही बाजूंना सारख्या फेऱ्या मोजून द्या. स्क्यूची बर मात्र काढायलाच हवी. दगड गोल असल्याने बेव्हल किंचित खोलगट होतं, त्याचा फायदा घ्या: डायमंड प्लेटवर किंवा तेलाच्या दगडावर टाच आणि धार दोन्ही टेकवून पाच-सहा घास एका बाजूला, तेवढेच दुसऱ्या. अशी धार वरचेवर प्लेटवरच उजळत राहिली तर चार-पाच वेळा ग्राइंडरकडे जावं लागत नाही. शिसवीवर नीट धारेची स्क्यू चालली की पृष्ठभाग असा येतो की पॉलिश पेपर लावायला हात धजत नाही. लाखेचा रंग चढवायचा असेल, सावंतवाडीच्या लाकडी फळांवर असतो तसा, तर उपटलेले रेषे लाखेखाली झाकले जात नाहीत. म्हणून ही एक धार मी सगळ्यात मन लावून लावतो.

स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायचं हत्यार, त्याचं सगळं उलटं. तिथे कापते ती बर. ७० ते ८० अंशांवर रेस्ट ठेवून एक सलग फेरी द्यायची आणि वरच्या बाजूला आलेली बर तशीच लाकडावर न्यायची. ढलपीऐवजी भुकटी पडायला लागली की पुन्हा एक फेरी. पार्टिंग टूलला, म्हणजे खाच पाडून तुकडा वेगळा करायच्या अरुंद हत्याराला, दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेकंद, टोक बरोबर मधोमध राहील एवढं बघा.

ग्राइंडर घेणं आत्ता परवडत नसेल तर लेथवरच जाड एमडीएफची गोल थाळी बसवून तिच्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवता येतो. वेग कमी ठेवा. फक्त एक पक्कं लक्षात असू द्या: कागद टाचेकडून धारेकडे पळाला पाहिजे. उलट झालं तर धार कागदात रुतते आणि हत्यार हातातून उडतं.

धार लावलेली हत्यारं एका डब्यात उभी कोंबू नका, धारेला धार लागली की दोन्ही गेल्या. मी फळीला भोकं पाडून प्रत्येकाला वेगळी जागा केली आहे. मुठींवर रंगाचे पट्टे आहेत, लाल ४५ अंशांचा, पिवळा ४० चा, हिरवा ५५ चा, म्हणजे जिगजवळ उभं राहिल्यावर आठवत बसावं लागत नाही.

भाचीचं लाटणं पाचव्या दिवशी झालं. तोपर्यंत तिने स्वतः अकरा वेळा धार लावली होती. शेडच्या दारामागे खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या, त्या मी अजून पुसलेल्या नाहीत. निघताना म्हणाली, "मामा, लाटणं इथेच राहू दे, पुढच्या वेळी नेईन. मला तो मापाचा ठोकळा द्या." तिच्या गाऊजचं माप मोजून मी ठोकळ्यावर करवतीने खाच पाडली आणि बाजूला मार्करने लिहिलं: ४५ मिमी, आधी टाच.